कर्ता नसलेली वाक्ये

आमच्या तालुक्याच्या गावातील एका रुग्णालयाकडून गेल्या वर्षी महाविद्यालयाला एक पत्र आले. रुग्णालयातील कचरा कमी करण्याची मोहीम हाती घेतली जाणार होती. तिच्यासाठी भिंतीवर लावण्याचे फलक छापावयाचे होते आणि त्यांतील मराठी मजकूर 'शुद्धलेखनाच्या दृष्टीने' तपासून मिळावा, अशी विनंती होती. प्राचार्यांनी पत्र मराठी विभागाकडे पाठविले. विभागात मी सर्वांत कनिष्ठ, म्हणून ते माझ्या टेबलावर आले. (तपासण्याची कामे नेहमी कनिष्ठाकडेच येतात.) ह्रस्व-दीर्घ पाहण्यासाठी मी बसलो. तासाभराने लक्षात आले की, शुद्धलेखनाच्या चुका दोन-तीनच आहेत. खरी चूक निराळीच आहे, आणि ती मात्र व्याकरणातूनच दिसते आहे.

रुग्णालयाच्या भिंतीवरचा फलक हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारील. कविता, कथा, आत्मकथन यांची समीक्षा आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ झाली. परंतु ज्या भाषेने आपल्या माणसांना रोज कामाला लावले जाते, त्या भाषेची समीक्षा फारशी झाली नाही. मला ती अधिक निकडीची वाटते.

फलकावरची वाक्ये अशी होती : सुई कटरने तोडावी. पिशवी तीन-चतुर्थांश भरल्यावर बांधावी. लाल पिशवीतील प्लास्टिक पुनर्वापरासाठी वेगळे ठेवावे. सांडलेले रक्त हायपोक्लोराइट टाकून पुसावे. अशी वीस-बावीस वाक्ये. एकाही वाक्यात कर्ता नाही. मी प्रथम वर्षाला प्रयोग शिकवितो, म्हणून हे चटकन डोळ्यांत भरले. विध्यर्थाच्या या रूपात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते : सुई तोडावी, पिशवी बांधावी, रक्त पुसावे. कर्ता तृतीयेत असतो, 'परिचारिकेने', 'डॉक्टरने', आणि तो गाळला तरी वाक्य मोडत नाही. मराठीची ही सोय मोठी आहे. 'अंगण झाडावे', 'सडा घालावा', 'मेलेले जनावर ओढून न्यावे' : गावाने ही वाक्ये शेकडो वर्षे अशीच उच्चारली. कोणी, हे सांगण्याची गरज कोणालाच वाटली नाही; कारण ते सर्वांना ठाऊक होते. कर्ता गाळला जातो तो अज्ञात असतो म्हणून, असे आपण वर्गात शिकवितो. तो फार ज्ञात असतो म्हणूनही गाळला जातो, हे शिकविण्याचे राहून गेले.

माझे वडील एका जिल्हा रुग्णालयात सफाई कामगार होते. तेव्हा या वाक्यांचा कर्ता कोण, हे मला व्याकरणाच्या पुस्तकातून शोधावे लागले नाही.

आता प्रत्यक्ष नियम काय म्हणतात ते पाहू, कारण फलक त्यांच्यावरून तयार झाला होता. आपल्या देशात रुग्णालयातील कचऱ्याविषयी पहिले स्वतंत्र नियम १९९८ साली आले. त्यांचे नाव होते, जैव-वैद्यकीय कचरा (व्यवस्थापन व हाताळणी) नियम. २०१६ साली त्यांच्या जागी नवे नियम आले, त्यांचे नाव जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम. दोन नावे एकाखाली एक लिहून पाहावीत. 'हाताळणी' गेली, 'व्यवस्थापन' राहिले. ज्या शब्दात 'हात' होता तोच नेमका गळाला. हे कोणी मुद्दाम केले असे माझे म्हणणे नाही. मसुदा करणाऱ्याला नाव आटोपशीर हवे असेल. पण आपल्या समाजात व्यवस्थापन करणारे आणि हाताळणारे हे दोन वेगळे मनुष्यसमूह आहेत, आणि नावातून कोणता समूह गळला हे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

न्यायाने बोलायचे तर २०१६ चे नियम जुन्यांपेक्षा पुष्कळ चांगले आहेत. आधी कचऱ्याचे दहा प्रकार होते, ते चार रंगांत आणले. पिवळ्या पिशवीत मानवी अवयव, रक्ताने भिजलेला कापूस, मुदत संपलेली औषधे. लाल पिशवीत नळ्या, सलाईनच्या बाटल्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया आणि पाती. निळ्यात काच आणि धातूचे रोपण-भाग. कचरा हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे, हिपॅटायटीस 'बी' आणि धनुर्वाताची लस द्यावी, वर्षातून एकदा तरी त्यांची आरोग्य तपासणी करावी, हेही त्यांत आहे. म्हणजे शीर्षकातून गेलेला हात पोटात कोठेतरी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कचरा वेगळा करण्याचे काम तो जेथे निर्माण होतो तेथेच झाले पाहिजे, आणि त्याची जबाबदारी रुग्णालयाच्या भोगवटादारावर, म्हणजे ज्याच्या ताब्यात संस्था आहे त्याच्यावर आहे.

'जेथे निर्माण होतो तेथे' म्हणजे कोठे? खाटेशी. सुई ज्याच्या हातात आहे त्याच्या हाताशी. इंजेक्शन देणाऱ्याने सुई तोडून पांढऱ्या डब्यात आणि सिरिंज लाल पिशवीत टाकली, की नियमाचे नव्वद टक्के काम झाले. यात कचरा कमी होण्याचे सगळे रहस्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे रुग्णालयातून निघणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के साधाच असतो, कागद, खोकी, फळांची साले, डब्यातले उरलेले अन्न. धोक्याचा फक्त १५ टक्के. पण त्या १५ टक्क्यांतला रक्ताचा एक बोळा साध्या कचऱ्याच्या टोपलीत पडला, की संपूर्ण टोपलीच धोक्याची होते. मग ती पिवळ्यात जाते आणि हजार अंशांच्या भट्टीत जळते. जे खत झाले असते, रद्दी झाले असते, ते धूर होते. रुग्णालयातील कचरा वाढतो तो रोग वाढल्यामुळे जितका, तितकाच एका क्षणाच्या हलगर्जीपणामुळे.

प्रत्यक्षात काय होते? खाटेशी सगळे एका ट्रेमध्ये पडते. ट्रे एका बादलीत. बादली पहाटे सफाई कामगाराकडे येते आणि वर्गीकरण तेथे, मागच्या अंगणात, हाताने होते. नियमाने वरच्याला दिलेले काम उतरत उतरत खालच्याकडे येते. परिचारिकांना मी दोष देणार नाही. एका पाळीत एकटी बाई किती खाटांमागे धावते हे मी पाहिले आहे, आणि आज त्यांच्यात आपल्या मुलीही पुष्कळ आहेत. दोष त्या रचनेचा आहे, जिच्यात कोणतेही घाण काम ढकलले तर ते कोठे जाऊन थांबेल याची सर्वांना खात्री असते. जेथे खाली झेलणारा हात नेहमी तयार असतो, तेथे वरचा हात सावध कशासाठी होईल?

बा रात्रपाळीहून येई तेव्हा त्याच्या बोटांना चिकटपट्टी असे. सुई टोचणे ही आमच्या घरात सांगण्यासारखी बातमी नव्हती. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस 'बी'च्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरांत तीसजणांपर्यंत लागण होऊ शकते, हे मला प्राध्यापक झाल्यावर वाचनात आले. मी आठवीत असताना बा काविळीने दोन महिने अंथरुणावर होता. आजीने गावचा औषधवाला आणला, डोक्यावर तेल थापले. ती कावीळ सुईची होती असा दावा मी करणार नाही. कोणी तपासलीच नाही. अपघात कळविण्याचा नमुना १९९८ च्या नियमांतही होता. बाच्या नावाने तो कधी भरला गेला नाही, आणि असा काही नमुना असतो हे बाला माहीत नव्हते. रंगपंचमीला आम्हा भावंडांच्या हातांत मात्र सिरिंजच्या पिचकाऱ्या असत. कपडे वाळत घालायची आमची दोरी सलाईनच्या नळ्यांची होती. 'टाकाऊतून टिकाऊ' हे आम्ही शाळेच्या प्रदर्शनाच्या आधीच शिकलो होतो. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे दोनशेवर माणसांना हिपॅटायटीस 'बी' झाला, ती बातमी वाचताना मला त्या पिचकाऱ्या आठवल्या. रुग्णालयाच्या मागच्या दारातून जी सिरिंज न चिरता बाहेर पडते, ती कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. म्हणूनच लाल पिशवीतले प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करूनच पुढे जावे असा नियम आहे.

पुनर्वापराचा गौरव आज सर्वत्र चालू आहे. पर्यावरणावरील एका चर्चासत्रात एक वक्ते म्हणाले, आपल्या जुन्या गावगाड्यात काहीही वाया जात नसे. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. त्यांचे म्हणणे खरे आहे. मेलेल्या बैलाचे कातडे, शिंगे, हाडे, काहीच वाया जात नसे. ही पुनर्वापराची व्यवस्था जगातील सर्वांत जुन्यांपैकी असेल. फक्त तिचा कर्ता जन्माने ठरलेला होता, आणि त्याला मोबदला म्हणून मिळे ते मेलेल्या जनावराचे मांस आणि विटाळ. मेलेली गुरे ओढणे सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले तेव्हा त्यात महारांचे किती रुपयांचे नुकसान होते याचा हिशेब मांडणारेही निघाले होते. १९५६ साली नागपुरात, दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात, त्यांनी त्या हिशेबाचा समाचार घेतला. गावाच्या स्वच्छतेपेक्षा माणसाचा मान त्यांनी मोठा मानला. आज रुग्णालयातील कचऱ्याच्या पुनर्वापराविषयी बोलणारा कोणीही या भाषणाला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. निदान जाऊ नये.

आणि येथे आपल्यातील काही तरुण मित्रांशी माझा मतभेद आहे. फलकाची ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा एक हुशार विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, चार रंग म्हणजे चार वर्णच की! वर्ण म्हणजे रंग." वर्ग हसला, मीही हसलो. परंतु ही कोटी जितकी चटकदार तितकीच घातक आहे. कचऱ्याचे वर्गीकरण एखाद्या वस्तूला कशाचा स्पर्श झाला यावर ठरते, आणि ते तात्पुरते असते. लाल पिशवीतली नळी १२१ अंशांवर, वाफेच्या दाबाखाली एक तास ठेवली, की तिच्यावरचा जंतू मरतो. मग तिचे तुकडे होतात, आणि ते प्लास्टिक नव्या वस्तूत किंवा रस्त्याच्या डांबरात जाऊ शकते. तेथे तिचा पूर्वेतिहास कोणी विचारीत नाही. विटाळ असा एका तासात मरत नाही. विज्ञानाच्या वेगळे करण्याला आपण जातीचे वेगळे करणे म्हटले, तर आपलाच माणूस उद्या हातमोजे न घालता काम करील आणि त्याला विद्रोह म्हणेल. जंतू खरा आहे. विटाळ खोटा आहे. भांडण जंतूशी काळजीने आणि विटाळाशी संतापाने करायचे आहे. यांची अदलाबदल झाली की मरतो तो आपलाच माणूस.

या संदर्भात मला अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा पुन्हा पुन्हा आठवते. तिच्यातील भीमा खाणीतले काम गेल्यावर मुंबईच्या उपनगरांत मढी उकरतो आणि प्रेताबरोबर गेलेले सोने काढून घर चालवितो. कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात; आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता नेमकी तेव्हाच येते. या कथेविषयी भय, अद्भुत, थरार असे शब्द वापरले जातात. मला ती पुनर्वापराची कथा वाटते. समाजाने जे टाकले त्यातून मोल काढणारा माणूस, आणि त्या मोलाची किंमत म्हणून गेलेली त्याची बोटे. अण्णा भाऊंनी केलेली मोठी गोष्ट म्हणजे, कथेतील प्रत्येक भयंकर क्रियेला त्यांनी कर्ता दिला. उकरतो तो भीमा, झुंजतो तो भीमा, रडतो तोही भीमाच. 'मढे उकरावे' असे त्यांनी लिहिले नाही. आपल्या पुढच्या लेखकांनी गावकी लिहिली, झोपडपट्टी लिहिली. रुग्णालयाच्या मागच्या अंगणात पहाटे चार वाजता चालणारे काम मात्र आपल्या साहित्यात मला क्वचितच दिसते. आपल्यातले किती लेखक त्याच पगारावर शिकले! कदाचित म्हणूनच ते लिहिले जात नसेल. मी स्वतःही आजवर लिहिले नव्हते.

करोनाच्या काळात हे अंगण काही दिवस उजेडात आले. जून ते डिसेंबर २०२० या सात महिन्यांत देशात करोनाचा सुमारे ३३ हजार टन कचरा निघाला आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा होता. त्याआधी मार्चमध्ये थाळ्या वाजल्या होत्या. थाळ्या वाजविणाऱ्यांच्या मनात पांढरा डगला होता की खाकी गणवेश, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

पिशव्या शेवटी कोठे जातात, हाही कर्त्याचाच प्रश्न आहे, फक्त येथे तो गावांच्या नावाने येतो. १९९६ साली दिल्लीच्या कचऱ्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पन्नास आणि त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना भट्ट्या बसवायला सांगितले. पुढे कळले की क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळले की डायॉक्सिनसारखी विषे हवेत जातात. म्हणून २०१६ च्या नियमांनी अशा पिशव्या आणि हातमोजे टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितले, आणि ७५ किलोमीटरच्या आत सामाईक प्रक्रिया केंद्र असेल तर रुग्णालयाने आपल्या आवारात भट्टी लावू नये असे ठरविले. धूर रुग्णालयाच्या आवारातून गेला. मुंबईच्या रुग्णालयांचा कचरा गोवंडी-देवनारला जाळला जाऊ लागला, जेथे शहराचे डंपिंग ग्राउंड आधीपासून आहे आणि दलित-मुसलमानांची दाट वस्ती आहे. रहिवासी न्यायालयात गेले. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते केंद्र दोन वर्षांत रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात हलवायला सांगितले. गोवंडीकरांचा लढा न्याय्यच होता. पण खालापुरातही माणसे राहतात, त्यांत कातकरी-ठाकरांच्या वाड्या आहेत. भट्टी हलविण्यापेक्षा तिच्यात जाणारी पिवळी पिशवी लहान करणे हा खरा उपाय आहे, आणि ती लहान होते फक्त खाटेशी.

हे सर्व इतरांना सांगताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. दरवर्षी १४ एप्रिलला आमच्या वस्तीत रक्तदान शिबिर होते. आमचे विद्यार्थी अभिमानाने रांगेत उभे राहतात. नव्या नियमांनी रक्तदान आणि लसीकरणाची शिबिरेही आपल्या कक्षेत घेतली आहेत. मागच्या जयंतीला मी संध्याकाळी मैदानावर गेलो. व्यासपीठाच्या मागे कापसाचे बोळे, हातमोजे, केळ्यांची साले आणि चहाचे कप एकाच ढिगात होते. कार्यकर्त्यांपैकी कोणी वाकले नाही. मुख्य वक्त्यांना गाडीपर्यंत पोचविण्याची घाई होती. ढीग उचलायला सकाळी नगरपरिषदेची बाई येईल, असे एकाने सांगितले. ती बाई आमच्याच वस्तीतली आहे.

फलकाचे पुढे काय झाले, ते सांगतो. मी शुद्धलेखन तपासले आणि प्रत्येक वाक्यात कर्ता घातला. इंजेक्शन देणाऱ्याने सुई स्वतः तोडावी. ज्याने हातमोजा काढला त्याने तो लाल पिशवीत टाकावा. विभागप्रमुख डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा पिशव्या स्वतः पाहाव्यात. शेवटी एक वाक्य पदरचे जोडले : वर्गीकरण न झालेली बादली उचलण्यास सफाई कामगाराने नकार द्यावा. आठ दिवसांनी रुग्णालयातून फोन आला. बोलणारे अधिकारी सज्जन होते. म्हणाले, "सर, शुद्धलेखनाबद्दल आभार. पण मजकूर वरून मंजूर झालेला आहे, त्यात भर घालता येत नाही." फलक लागले. जाऊन पाहिले. ह्रस्व-दीर्घ माझे आहेत, वाक्ये त्यांची.

माझा धाकटा भाऊ आता बाच्या जागेवर आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला ती जागा मिळते. बा निवृत्त झाल्यावर पहिला हक्क थोरला म्हणून माझा होता. मी एम. ए. होऊन बसलो होतो, नाही म्हणालो. भावाने अर्ज केला, आणि काही वर्षे खेटे घातल्यावर त्याला गेल्या वर्षी आदेश मिळाला. या तरतुदीने आमच्यासारख्या हजारो घरांची चूल पेटती ठेवली; आणि याच तरतुदीने झाडू बापाकडून मुलाकडे आला. या दोन्ही वाक्यांना मी रद्द करू शकत नाही. माझी नेट-सेटची पुस्तके कोणाच्या पगारातून आली हे मला माहीत आहे.

फलकाची हकीकत मी त्याला सांगितली. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दादा, तुझं ते कर्ता-बिर्ता बरोबर हाय. पण आमच्याकडं आठ दिस झाले, लाल पिशव्याच संपल्यात. समदं काळ्यात चाललंय. मागणी लिवलीय म्हणत्यात, कुणी लिवली ते कोण सांगंना." मी लशीचे विचारले. त्याच्या दोन मात्रा झाल्या आहेत; तिसरी पहिल्या मात्रेपासून सहा महिन्यांनी असते, तिची तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे. त्याच्याबरोबर चार कंत्राटी बाया काम करतात. त्यांची नावे लशीच्या यादीत नाहीत. यादी ठेकेदाराने द्यायची की रुग्णालयाने, हे अजून ठरलेले नाही.